छातीवरचे हात आणि पडद्यावरची रेघ

बोईसर

चि. छोटी,


तुझ्या प्रोजेक्टचा अहवाल सावकाश वाचून काढला. हृदयाचा ताल जीवघेणा बिघडतो तेव्हाचे ईसीजी संगणकाला ओळखायला शिकवायचे, हा विषय तू निवडलास याचा मला फार आनंद झाला. माझं सगळं आयुष्य इथल्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेलं. डॉक्टर मी नाही. पण सिग्नल पाहून यंत्राने निर्णय घ्यायचा आणि त्या निर्णयावर माणसाचा जीव अवलंबून असायचा, हे काम मी जवळून केलं आहे. म्हणून हे पत्र.

अहवालाच्या पहिल्याच पानावर तू ‘९९ टक्के अचूकता’ असं ठळक छापलं आहेस. त्या आकड्याकडे मी येणारच आहे. त्याआधी ईसीजीची रेघ कुठून येते हे तुझ्या मनात पक्कं हवं, कारण तुझ्या अहवालात आकड्यांचे तक्ते भरपूर आहेत आणि हृदय फारसं कुठे दिसत नाही.

उजव्या कर्णिकेच्या वरच्या टोकाला पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, सायनस नोड. तिथून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची लाट निघते. दोन्ही कर्णिकांमधून ती पसरते, मध्ये एव्ही नोडपाशी सुमारे एक दशांश सेकंद थांबते आणि मग पर्किंजे तंतूंतून सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने खालच्या जवनिकांत उतरते. ते थांबणं महत्त्वाचं, तेवढ्या वेळात जवनिका रक्ताने भरतात. एकेका पेशीच्या पडद्यावर शंभर मिलिव्होल्टच्या आसपास बदल होतो, पण छातीच्या कातडीपर्यंत येतायेता त्यातला जेमतेम एक मिलिव्होल्ट उरतो. कागदावर तो दहा मिलिमीटर उंच उमटतो आणि कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर सरकतो. आइन्थोव्हेनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रेघ नीट उमटवून दाखवली आणि १९२४ चं नोबेल मिळवलं. पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्याचीच.

आता व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे तुझं व्हीएफ. वारल्यांचा तारपा नाच तू पाहिला आहेस. मध्ये एक तारपा वाजवणारा आणि त्याच्या सुरावर हात गुंफलेली सगळी रांग फिरत असते. तो सूर ऐकू येईनासा झाला आणि रांग तुटून जागोजागी लहान लहान फेरे आपापल्या गतीने फिरू लागले, तर प्रत्येक जण नाचत असेल पण नाच उरणार नाही. व्हीएफमध्ये जवनिकांच्या स्नायूत नेमकं हेच होतं. विजेची लाट पुढे जाऊन विझायच्या ऐवजी स्वतःभोवतीच वळते, भोवऱ्यासारखी फिरते, फुटते आणि त्यातून नवे भोवरे सुटतात. जुन्या हार्ट अटॅकचा वण असेल तर लाटेला वळायला तो आयता खांब मिळतो. स्नायू थरथरतो, पण रक्त पुढे ढकललं जात नाही. आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते. पडद्यावर पी नाही, क्यूआरएस नाही, टी नाही. सेकंदाला साधारण चार ते सात वेळा वरखाली होणारी वेडीवाकडी रेघ तेवढी असते. सुरुवातीला ती ठसठशीत असते. मिनिटं जातील तसा पेशींमधला ऊर्जेचा साठा संपत जातो, लाटा बुटक्या आणि संथ होतात आणि शेवटी सपाट रेघ उरते. म्हणून ही रेघ घड्याळही आहे, हे लक्षात ठेव. तिच्या उंचीवरून आणि गतीवरून माणूस पडून किती वेळ झाला आणि शॉकने ताल परत येण्याची आशा किती, याचा अंदाज बांधता येतो. या अंगाने तुझ्या प्रोजेक्टमध्ये काहीच नाही. ते घाल.

शॉक देणं म्हणजे बंद पडलेलं हृदय सुरू करणं, अशी सिनेमाने समजूत करून दिली आहे. सपाट रेघेवर शॉकचा उपयोग नसतो. शॉकचं काम उलट आहे: सगळ्या पेशींना एकाच क्षणी उत्तेजित करून भोवऱ्यांची वाटच बंद करायची, म्हणजे सायनस नोडला पुन्हा ताल धरायला मोकळीक मिळते.

या शास्त्राचा आपल्या बोईसरशी जवळचा संबंध आहे, तो विजेच्या शॉकमुळे. विजेच्या प्रवाहाने हृदय फिब्रिलेशनमध्ये जातं हे लुडविग आणि हॉफा यांनी १८५० मध्ये कुत्र्यांवर पाहिलं. त्याहून जोरदार झटक्याने ते थांबतं हे प्रेव्हो आणि बातेल्ली यांनी १८९९ मध्ये जिनिव्हात दाखवलं. पण या कामाला खरी निकड आली ती शॉक लागून मरणाऱ्या लाइनमनमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरोघरी वीज गेली, तारा ओढणारी माणसं मरू लागली आणि वीज कंपन्यांनी त्यावर संशोधनासाठी पैसा दिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते काम ज्याने अनेक वर्षं चालवलं, तो विल्यम कोवेनहोव्हेन डॉक्टर नव्हता, विजेचा इंजिनिअर होता. छाती न उघडता शॉक देणारं यंत्र त्याच्या गटाने बनवलं. त्याच प्रयोगांत १९५८ मध्ये गाय निकरबॉकर या तरुणाला दिसलं की जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर दाबली की शॉक देण्याआधीच धमनीतला दाब वाढतो. त्यातून छाती दाबण्याची पद्धत निघाली. सर्जन जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांचा लेख १९६० मध्ये आला. आज जगभर शिकवतात त्या सीपीआरमधलं छाती दाबणं या शॉकच्या यंत्राच्या प्रयोगांतून आलेलं आहे. इंजिनिअरने डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ का करावी असं कुणी तुला विचारलं, तर हे सांग.

आपल्या घरच्या ५० हर्ट्झच्या विजेत पन्नासेक मिलिॲम्पिअर प्रवाह हातातून पायाकडे छातीवाटे सेकंदभराहून जास्त गेला, तरी जवनिका फिब्रिलेशनमध्ये जाऊ शकतात. दहा-पंधरा मिलिॲम्पिअरलाच मूठ आवळते, तार सोडता येत नाही. तुमच्या घरातला ईएलसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, तीस मिलिॲम्पिअरवर पडतो तो याच हिशेबाने. टी लाट चालू असते तो क्षण सगळ्यात नाजूक. अर्धा स्नायू सावरलेला, अर्धा नाही. पावसाळ्यात इथे ओल्या फरशीवर पंप ओढत नेणारा कंत्राटी पोरगा, हातात ग्राइंडर घेतलेला वेल्डर, चिंचणीच्या डाईच्या कारखान्यातला कारागीर, सातपाटीच्या बर्फाच्या कारखान्यातला माणूस, हे सगळे त्या प्रवाहापासून हातभर अंतरावर काम करतात. यांची हृदयं बहुधा तरुण, वण नसलेली. त्यांचं व्हीएफ वेळेत मोडलं तर ते परत कामावर जाऊ शकतात. मला या कामाची इतकी तळमळ आहे ती यासाठी.

रसायनांच्या कारखान्यात आणखी एक वाट आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड अंगावर सांडलं तर ते आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं. ईसीजीवर क्यूटी अंतर लांबत जातं आणि मग व्हीएफ येतं. तिथे नुसत्या शॉकने भागत नाही, कॅल्शियम द्यावं लागतं. म्हणजे व्हीएफची पट्टी ओळखली की काम संपलं असं नाही. त्याआधीच्या पट्टीत कारण लिहिलेलं असू शकतं.

आता तुझे ९९ टक्के.

मुक्तपणे मिळणाऱ्या संग्रहांवर तू काम केलं आहेस. एमआयटी-बीआयएच संग्रहात ४७ जणांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत. क्रायटन विद्यापीठाच्या संग्रहात ३५ नोंदी आहेत, प्रत्येकी आठ मिनिटांच्या. एवढ्या थोड्या माणसांच्या नोंदी तू चार-चार सेकंदांच्या तुकड्यांत कापल्यास, तुकडे पिसलेस आणि काही शिकवायला, काही परीक्षेला ठेवलेस. म्हणजे एकाच माणसाचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे गेले. तुझ्या यंत्राने आजार ओळखला की माणूस ओळखला हे आता सांगता येत नाही. तुकडे माणसागणिक वेगळे कर. परीक्षेतल्या एकाही माणसाची एकही पट्टी शिकताना दिसता कामा नये. आकडा खाली येईल. येऊ दे. तो खाली आलेला आकडाच तुझा खरा आकडा.

दुसरं म्हणजे दोन्ही चुका तू एकाच तागडीत टाकल्या आहेस. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९९७ मध्ये आपोआप चालणाऱ्या डिफिब्रिलेटरसाठी, म्हणजे एईडीसाठी, उद्दिष्टं ठरवली. स्वच्छ सिग्नलवर ठसठशीत व्हीएफ ९० टक्क्यांहून जास्त वेळा ओळखता आलं पाहिजे, आणि नॉर्मल तालावर शॉक नको असं ९९ टक्क्यांहून जास्त वेळा सांगता आलं पाहिजे. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. व्हीएफ एकदा निसटलं तर दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा बघतं, तोवर छाती दाबली जाते. पण चालत्या तालावर शॉक दिला तर धड हृदय यंत्रच बिघडवू शकतं. आमच्या कारखान्यात प्लँट उगाच ट्रिप झाला तर माल वाया जायचा, एवढंच. इथे दोन्हीकडे माणूस आहे. म्हणून प्रत्येक तालाचं उत्तर स्वतंत्र लिही: व्हीएफ, नाडी नसलेलं व्हीटी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया), नॉर्मल, सपाट रेघ. सगळ्यांची मिळून एक टक्केवारी लिहू नकोस.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि या पत्रात मला मुख्यतः तीच सांगायची आहे. नितीश ठाकोर यांचं नाव तुझ्या संदर्भांत नाही याचं नवल वाटलं. ते पवईच्या आयआयटीचे, १९७४ चे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला शिकले आणि जॉन्स हॉपकिन्सला प्राध्यापक झाले, कोवेनहोव्हेनच्याच विद्यापीठात. क्यूआरएसची बरीच ताकद १७ हर्ट्झच्या आसपास असते, ती गाळून घेणारा फिल्टर कसा बांधावा हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात मांडलं. १९९० मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह व्हीटी आणि व्हीएफ वेगळं करण्याची एक रीत दिली. सिग्नलवर एक मर्यादा आखायची आणि रेघ ती किती किती वेळाने ओलांडते ते मोजायचं. ताल संथ असेल तर अंतर लांब, व्हीएफमध्ये फार तोकडं. पण त्यातली सुंदर गोष्ट पुढेच आहे. एक सेकंद बघायचा. पुरावा पुरेसा असेल तर लगेच बोलायचं, नसेल तर आणखी एक सेकंद मागायचा. शंका असेल तेवढाच वेळ घ्यायचा.

ही कल्पना अब्राहम वाल्ड या गणितज्ञाची. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याची तपासणी कमीत कमी नमुन्यांत कशी करावी यासाठी ती निघाली. आम्ही मालाच्या क्वालिटीसाठी तीच वापरायचो. वाल्ड भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानं द्यायला आले होते आणि डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून गेले. पत्नीही बरोबर होती. वय अवघं ४८. ही हकिगत वाचली की मला अजून वाईट वाटतं.

सेकंदांचा एवढा हिशेब का, ते सांगतो. एईडी ‘विश्लेषण चालू आहे, रुग्णाला हात लावू नका’ म्हणतं तेव्हा छाती दाबणारे हात उचलले जातात. हात उचलले की हृदयाला आणि मेंदूला रक्त पुरवणारा दाब काही क्षणांत पडतो, आणि पुन्हा दाबायला लागल्यावर तो लगेच वर येत नाही, बऱ्याच दाबण्यांनंतर येतो. तुझ्या यंत्राने विचार करायला घेतलेला प्रत्येक सेकंद त्या माणसाच्या रक्तपुरवठ्यातून कापला जातो. तुझ्या अहवालात निर्णयाला लागणारा वेळ कुठेच मोजलेला नाही.

मग हात चालू असतानाच विश्लेषण का करू नये? खरी अडचण इथे आहे, आणि ती सोडवण्यासारखी आहे. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबतात, म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेदोन ते दोन वेळा. त्याची दुप्पट, तिप्पट आवर्तनंही सिग्नलमध्ये उतरतात आणि साधारण साडेतीन ते सहा हर्ट्झवर, व्हीएफच्याच घरात जाऊन बसतात. साध्या फिल्टरने ती कापायला गेलीस तर व्हीएफही कापशील. सपाट रेघेवर छाती दाबली तर ती रेघ व्हीएफसारखी दिसू शकते, आणि व्हीएफ असेल तर दाबण्याचा ठेका त्याला व्यवस्थित तालासारखं रूप देतो.

यातून सुटायला दुसरा साक्षीदार लागतो. एईडीचे तेच दोन पॅड छातीचा विद्युत विरोध, इम्पीडन्स, मोजू शकतात आणि प्रत्येक दाबण्यासरशी तो हलतो. हात नेमके कधी पडले हे त्यावरून कळतं; मग ईसीजीतून तेवढाच भाग वजा करायचा प्रयत्न करता येतो. इम्पीडन्सच्या या विद्येत आपल्याकडे मोठं काम झालेलं आहे. बीएआरसी म्हटलं की आपल्याकडे तारापूरची अणुभट्टी आठवते, पण ट्रॉम्बेच्या बीएआरसीत जी. डी. जिंदल यांच्या गटाने शरीरातून बारीकसा उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडून रक्ताच्या वहनाचा माग काढणारी यंत्रं बनवली. केईएमचे हृदयशल्यविशारद जी. बी. पारुलकर त्यांच्यासोबत होते. १९९० मध्ये त्यांचा या तंत्राच्या मूलतत्त्वांवरचा लेख केईएमच्याच नियतकालिकात आला. तो शोधून वाच, मूळ तत्त्व त्यात स्वच्छ मांडलेलं आहे. इम्पीडन्सचा आणखी एक उपयोग आहे. कधी ईसीजीवर सुरेख क्यूआरएस दिसतात आणि नाडी मात्र नसते; वीज पोचते, पंप चालत नाही. ते ईसीजी एकटा कधीच सांगू शकणार नाही, तिथे इम्पीडन्सची जोड उपयोगी पडू शकते.

जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर ठेव. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला आपला पालघर: एकीकडे वसई, दुसरीकडे मोखाड्याचे पाडे. त्याच वर्षी राज्यात १०८ ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत साधनांच्या होत्या. मोठी गोष्ट झाली, अनेक जीव वाचले. पण छाती दाबली गेली नाही तर व्हीएफमधून वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. मनोरच्या रस्त्यावर ट्रक अडकलेला असताना किंवा जव्हारचा घाट चढून पतंगशहा कुटीर रुग्णालय गाठताना हा हिशेब करून बघ. व्हीएफचं निदान हॉस्पिटलात होऊन चालणारच नाही. माणूस जिथे पडतो त्या फरशीवर व्हायला हवं. म्हणजे कारखान्याच्या गेटवर, बोईसर स्टेशनच्या फलाटावर, जेटीवर. आणि यंत्र हाताळणारा कार्डिऑलॉजिस्ट नसेल, शेजारच्या मशिनवरचा कामगार असेल. आपल्याकडे तो मराठी, हिंदी, ओडिया, भोजपुरी, वारली, मांगेली यांतलं काहीही बोलत असेल. यंत्र काय बोलतं आणि किती थोडक्यात बोलतं हाही तुझ्याच प्रोजेक्टचा भाग समज. आज शॉक लागलेल्या माणसाचे लोक तळपाय चोळत बसतात, तोंडात पाणी घालतात. माझ्या डोळ्यांदेखत असं झालेलं आहे, आणि छातीवर हात ठेवायला कुणी पुढे आलं नव्हतं. त्या मुलाचा चेहरा मला आठवतो.

तेव्हा आता करायचं काय. स्वच्छ संग्रहांवरचं काम आवरतं घे आणि इथला गोंगाट गोळा कर. निरोगी माणसाचा ताल नॉर्मलच असतो, त्यामुळे खरं उत्तर तुला आधीच माहीत असतं. स्वतःच्या छातीवर इलेक्ट्रोड लाव आणि सहा आसनी रिक्षातून खड्ड्यांच्या रस्त्याने जा. डहाणू लोकलमध्ये उभी राहा, वर २५ हजार व्होल्टची तार असते. मोटारींच्या ड्राइव्हशेजारी, वेल्डिंग चालू असलेल्या शेडच्या बाहेर, घामेजलेल्या अंगाने, पावसात भिजून नोंदी घे. यांतल्या एकाही पट्टीला तुझ्या यंत्राने व्हीएफ म्हणता कामा नये. जिथे म्हणेल तिथे थांबून रेघ डोळ्यांनी वाच आणि कुठल्या खुणेने ते फसलं ते शोध. हे झालं की डमीवर छाती दाबून इम्पीडन्सच्या नोंदी घे, आणि त्या हालचाली संग्रहातल्या व्हीएफच्या पट्ट्यांवर चढवून पुन्हा परीक्षा घे.

एक गोष्ट मात्र आज्ञा म्हणून सांगतो. अंगाला जोडायचं सर्किट फक्त बॅटरीवर चालवायचं. लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना त्याला जोडलेली वायर छातीवर लावायची नाही, कुणाच्याही नाही. वैद्यकीय उपकरणांत थेट हृदयाला टेकणाऱ्या भागातून नेहमीच्या स्थितीत दहा मायक्रोॲम्पिअरहून जास्त गळती चालत नाही. एवढी कडक मर्यादा का, हे वरचं सगळं वाचल्यावर तुला वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे बॅटरीवरचा एक जुना रेकॉर्डर आहे. तो दुरुस्त करून ठेवला आहे, फक्त नवी लीड लागेल. इथल्या अग्निशमन केंद्रातले एक ओळखीचे गृहस्थ कामगारांना सीपीआर शिकवतात. त्यांची डमी रविवारी वापरायला देतील. सकाळच्या लोकलने ये. मामी विचारते आहे, जेवायला थांबणार ना?

तुझा,
मामा